दिवाडी बेटावरची गॅलरी माझी कामं दुबईच्या आर्ट फेअरला नेतो म्हणते, देऊ का?

शहापूरचा_सुतार
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापूरला वर्कशॉप हाय. इकडं जुने वाडे पाडायला लागले की त्यातल्या चौकटी, तुळया, कडीपाटाच्या फळ्या उचलून आणतो आणि त्याच्यावर लाख, तांब्याची तार, कधी इरकलीचा तुकडा असं काय काय लावून भिंतीवर टांगायची कामं करतो. गावात घेणारं कोण नाही, "मर्दा, जळणाला बरं हाय" म्हणणारेच जास्त.
डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव बघायला गेलो हुतो, तिथं एका बाईंची ओळख झाली. त्यांची दिवाडी बेटावर गॅलरी हाय, म्हणजे जुन्या घरातल्या दोन खोल्या, जुन्या गोव्यातनं फेरीबोटीनं जायचं. त्या चोर्ला घाट चढून माझ्या वर्कशॉपला आल्या, सगळं बघितलं, आणि आता फोन आलाय की आर्ट दुबईत बव्वाबा म्हणून विभाग असतोय तिथं त्यांचा अर्ज घेतलाय आणि स्टॉलवर फक्त माझी कामं लावायचीत.
माझ्याकडनं एक रुपया मागितलेला नाही. विकलं तर निम्मं त्यांचं निम्मं माझं. आता दोन खोल्यांची गॅलरी एवढा खर्च कशापायी करंल? आणि ५०% लई नाही काय? बायको म्हणते कागद झाल्याशिवाय एक फळी हलायची नाही. कुणी असं काम दिलं असलं तर सांगा.

खडेबाजार_कट्टा
५०%??? गाळ्याला भाडं देऊन बस गा आमच्या शेजारी, एवढं कोण कापत नाही 😂

निपाणीकर_शारजात
कट्टेकरी, गॅलरीच्या धंद्यात निम्मं-निम्मं हाच रिवाज आहे, मुंबईत पण तेच. मी इकडं कलाकृतींच्या पॅकिंग-ट्रान्सपोर्टच्या लाइनीत आहे, दुबईत मदिनत जुमेराला फेअर असते तेव्हा आम्ही रात्रभर तिथंच पडलेलो असतो, त्यामुळं थोडं सांगू शकतो.
छोट्या गॅलऱ्या का येतात हे साधं आहे. दिवाडीला फेरीतनं उतरून चित्र विकत घ्यायला कोण येणार, आलं तर बोंदेरामच्या सणाला येतील नि परत जातील. फेअरमध्ये म्युझियमवाले, क्युरेटर, संग्राहक सगळे चार-पाच दिवस एकाच छताखाली असतात. आइसलँडची आयएट गॅलरी बघ, १९९५ पासून रेक्याविकमध्ये आहे आणि आर्ट बाझेल या मोठ्या फेअरला जाते, तिथल्या गावात बसून तिला हे लोक भेटले नसते. बहामाजला नासाऊमध्ये टर्न म्हणून गॅलरी २०२० ला उघडली, ती पण मायामीच्या फेअरला पोचली. बेटावरच्या माणसाला बोटीत बसावंच लागतंय. आणि बव्वाबात एका स्टॉलवर एकच कलाकार असतो, त्यामुळं तुला शेजारच्या मोठ्या नावाखाली दबायची भीती नाही. खर्च त्यांचा जास्त आहे, विकलं गेलं नाही तर तोटाही त्यांचाच.
आता ज्याच्यावर भांडणं होतात ते. फ्रेमचा खर्च आणि गिऱ्हाइकाला दिलेलं डिस्काउंट कुणाच्या वाट्यातनं जाणार ते आधी लिहून घे. विमा तुझ्या भिंतीवरनं उतरवल्यापासून परत तुझ्या भिंतीवर लागेपर्यंतचा पाहिजे, नुसता विमानातला नको. न विकलेलं परत आणायचं भाडं कोण देणार हे तर सगळे विसरतात. विमानाचं भाडं नुसतं वजनावर नाही, आकारमानावर पण मोजतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ६०००. म्हणजे १०० × ८० × ६० चं खोकं असलं की आत कापूस असला तरी ८० किलोचं बिल. खोक्याचं लाकूड भट्टीत तापवलेलं आणि आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडात कीड नाही याचा, शिक्का मारलेलं पाहिजे, नाहीतर बंदरावर अडकतंय.
विक्रीची खात्री नसली तर एटीए कार्ने म्हणून कस्टमचा कागद करतात, आपल्याकडं फिक्की ही उद्योगांची संघटना देते, प्रदर्शनाचा माल ड्युटी न भरता नेऊन वर्षाच्या आत परत आणायचा. पण तिथं विकलं गेलं तर तेवढ्या नगाची ड्युटी नि व्हॅट भरावा लागतोय. हे गॅलरीनं करायचं, तू फक्त विचार केलंय का म्हणून.

हलशीकडचा
सगळं बरोबर पण मुद्द्याचं कोणच बोललं नाही. भावा, तुझ्या लाकडाचं वय किती?
१९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू, आणि त्या व्याख्येत इमारतीपासून सुटी केलेली कुठलीही वस्तू स्पष्ट लिहिलेली आहे, म्हणजे वाड्याची चौकट बरोब्बर त्यात बसते. अशी वस्तू देशाबाहेर खाजगी माणसाला नेताच येत नाही, केंद्र सरकार किंवा त्यांनी नेमलेली संस्थाच नेऊ शकते. तू वर लाख लाव नाहीतर सोनं लाव, कस्टमवाल्याला नक्षी दिसली की तो थांबवणार. त्यासाठी पुरातत्त्व खात्याचा, ही पुरावस्तू नाही असा दाखला काढावा लागतो, प्रत्येक नगाचे फोटो लावून. धारवाडला त्यांचं सर्कल ऑफिस आहे, कुठल्या तज्ज्ञ समितीपुढं न्यायचं ते तिथं विचार. वाडा कधी बांधला त्याची घरपट्टी, उतारा काय मिळतंय ते गोळा कर. आणि सागवान असलं तर ठीक, शिसव असलं तर सायटिसचं, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, लफडं वेगळं.

टिळकवाडीची_मावशी
बाळा, सूनबाईचं ऐक. आणि एक मागणी आहे, दुबईला जायच्या आधी चार दिवस इथं लाव की. वरेरकर नाट्यसंघात के. बी. कुलकर्णींच्या नावचं कलादालन आहे, ज्यांच्याकडं रवी परांजपे शिकले ते के. बी. तिथं लागलं की जळण म्हणणारे पण चहाच्या निमित्तानं येतील, बघतील तरी. गॅलरीवाल्या बाईंना पण बोलाव, कुंदा खाऊ घालू.
करारात अजून एक घाल, काम विकलं तरी कॉपीराइट तुझाच. नाहीतर उद्या तुझी फळी कुणाच्या तरी उशीच्या अभ्र्यावर छापलेली दिसायची.

शहापूरचा_सुतार
सगळ्यांचे आभार. हलशीकडच्या, तुझं वाचून उठून बघून आलो. बाकीचं बहुतेक लाकूड १९५० च्या पुढचं निघंल, वाड्याच्या मालकांकडं कागद हाईत. पण सगळ्यात मोठं काम ज्या चौकटीवर केलंय तिच्यावर शके १८३२ कोरलंय.

हलशीकडचा
म्हणजे १९१०. ती यादीतनं काढ, विषय संपला. दाखला मिळायचा प्रश्नच नाही.

टिळकवाडीची_मावशी
मग ती आपल्या कलादालनात मधोमध. हॉलची तारीख मी विचारते.

शहापूरचा_सुतार
चालतंय मावशी. बाईंना आजच फोन करून त्या चौकटीचं सांगतो, त्यांनी मेन भिंतीवर तीच धरली हुती, जरा चिडतील. दुसरं, ते शिक्क्याचं खोकं बेळगावात कोण करून देतंय काय?

खडेबाजार_कट्टा
उद्यमबागेत एक्सपोर्टवाल्या फौंड्रीत विचार, कास्टिंग बाहेर पाठवताना त्यांना असलंच पॅलेट लागतंय. माझा मेहुणा हाय तिथं, नंबर मेसेज करतो. आणि ५०% चं मागं घेतलं बघ 😄