वाळूच्या टेकडीवरच्या झुडपांना एकत्रितपणे काय म्हणायचं?

अनुवादवाली:
किनाऱ्यावरच्या एका गावात निसर्गवाट होते आहे, तिच्या फलकांचा मजकूर मराठीत करते आहे. ‘ड्यून स्क्रब’पाशी अडले. भरतीच्या रेषेच्या वर वाळूची चढण लागते. तिच्यावर आधी मर्यादवेल पसरलेली असते, तिच्या मागे निर्गुडी, कडू मेंदी, केवडा. गुडघ्यापासून पुरुषभर उंचीपर्यंतचा हा सगळा पट्टा मिळून एक शब्द हवा आहे. मी ‘झुडपी जंगल’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘खुरटी झुडपे’ केलं. मला ते पटत नाही, पण त्यांना पटेल असा पर्यायही सुचत नाही.

वऱ्हाडी माणूस:
‘झुडपी जंगल’ कृपया नको. तो आमच्याकडे महसुली दप्तरातला शब्द आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत त्या नावाच्या जमिनीवरून वर्षानुवर्षं भांडणं चालली. ही जमीन वनच धरायची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. विदर्भातला वाचक फलक पाहून सातबाराच आठवेल.

परिभाषाप्रेमी:
शास्त्रीय मराठीत झुडपासाठी ‘क्षुप’ हा शब्द तयार आहे. ड्यूनला ‘वालुकागिरी’ आहे. ‘वालुकागिरी क्षुप-समुदाय’ म्हणा. अर्थ नेमका, संदिग्धता नाही. सोपं करण्याच्या नादात आपण असलेले शब्द टाकून देतो आणि मग मराठीत विज्ञान लिहिता येत नाही म्हणून रडतो.

देवबागचा:
परिभाषाप्रेमी, गिरी म्हटलं की कळसूबाई डोळ्यांपुढे येतं. आमच्याकडे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी. तिथले उंचवटे कुठे कंबरेएवढे, कुठे डोक्याएवढे. त्यांना कोणी गिरी म्हणत नाही. पुळण म्हणतात.

परिभाषाप्रेमी:
पुळण म्हणजे सपाट वाळूचा किनारा. उंचवटा नव्हे.

देवबागचा:
आमची आजी दोन्हीला पुळणच म्हणायची. “पुळणीत अनवाणी जाव नको, काटे रुततले,” हे रोजचं. भिजल्या सपाट वाळूत कसले काटे? ते वरच्या अंगालाच.

शब्दवेडी:
पुळण हा संस्कृत ‘पुलिन’वरून आला असणार. पुलिन म्हणजे नदीकाठची वाळू किंवा पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली जागा. म्हणजे मुळात सपाटच, पण शब्द समुद्रावर गेला की फुगू शकतो. ‘वाळवंट’ पाहा ना. पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट आहे आणि भूगोलाच्या पुस्तकात थरचंही वाळवंटच. दोन्हीकडे कोणाचं अडत नाही.

रोपवाटिका:
मुद्दा भरकटतोय. मला ‘खुरटी’बद्दल बोलायचं आहे, कारण तो शब्द चुकीचा आहे. खुरटं म्हणजे वाढ खुंटलेलं, पोषण न मिळालेलं. ही झाडं तशी नाहीत. समुद्रावरून खारे तुषार येतात, ते वाऱ्याकडच्या कोवळ्या शेंड्यांना जाळतात आणि आडोशाची बाजू वाढत राहते. म्हणून पट्टा समुद्राकडे ठेंगणा आणि गावाकडे उंच होत जातो. लांबून पाहिलं तर विळ्याने तिरका कापल्यासारखा दिसतो. सोसायट्यांच्या कुंपणाला कातरून लावलेली कोयनेल आठवा, तीच ही कडू मेंदी. तिला खुरटी म्हणाल?

आणि मर्यादवेलीचा एक फाटा कधी तरी हळूच उकरून पाहा. पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटलेली दिसतात. वर वाळू येऊन पडली की वेल गुदमरत नाही, पुन्हा वर येते, नवी वाळू अडवते, ती साचली की आणखी वर येते. टेकडी या झाडोऱ्यानेच बांधलेली असते. फलकावर ‘खुरटी झुडपे’ वाचलं की माणूस समजणार, पडीक जागा आहे. मग जेसीबी आणून ‘साफ’ करायला कोणाला काही वाटत नाही. मी हे होताना पाहिलं आहे, आणि पुढच्या पावसाळ्यात वाळू थेट माडांच्या बागेत आलेलीही पाहिली आहे.

वऱ्हाडी माणूस:
झाडोरा! हाच शब्द घ्या की. ‘पुळणीवरचा झाडोरा’.

परिभाषाप्रेमी:
झाडोऱ्यात वड-पिंपळही येतात. झुडपांचा बोध होत नाही. किनारा नियमन अधिसूचनेत २०११ पासून वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत, २०१९ च्या अधिसूचनेतही. अशा जागी सैल शब्द चालत नाही.

रोपवाटिका:
फलक वाचणारा अधिसूचना घेऊन फिरत नाही हो.

शब्दवेडी:
‘जाळी’ का नको? करवंदाची जाळी आपण म्हणतोच. ठेंगणं, दाट, एकात एक गुंतलेलं, आत शिरता न येणारं, सगळं त्यात आलं. ‘पुळणजाळी’.

देवबागचा:
जाळी म्हटल्यावर आमच्या गावात माशांची जाळी. आणि केवड्याचं ‘बन’ असतं, जाळी नव्हे. दिवेआगरला जाऊन केवड्याची जाळी कुठे म्हणून विचारा, कोणी सांगणार नाही.

सुरूच्या सावलीत:
कोणी सुरूचं नाव कसं काढलं नाही? किनारा म्हटला की सुरूचं बनच.

रोपवाटिका:
सुरू लावलेला आहे. तो ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा. त्याच्या काड्यांचा थर साचला की खाली फारसं काही उगवत नाही. उंडी, करंज ही आपली झाडं, तीही पट्टा संपल्यावर मागे. फलकात सुरू घालू नका.

शब्दवेडी:
मर्यादवेल नावाचं मात्र सांगते. पान मधून चिरलेलं असतं, आपट्यासारखं, आणि उन्हात दोन्ही बाजू मिटून घेतं. अंग चोरणारी, मर्यादेने राहणारी वेल, म्हणून मर्यादवेल.

देवबागचा:
नाही पटत. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथून ती सुरू होते, म्हणून. भरतीचं पाणी कुठवर येतं ते आमचे लोक वेलीवरून सांगतात. होडी ओढायची तर वेलीच्या वर ओढायची.

शब्दवेडी:
मग सीमावेल का नाही म्हणत? मर्यादा हा वागण्याचा शब्द आहे.

परिभाषाप्रेमी:
संस्कृतात ‘मर्यादा’चा पहिला अर्थ सीमा हाच आहे, वागणुकीचा अर्थ त्यावरून आला. देवबागचे बरोबर आहेत.

अनुवादवाली:
‘पुळणीवरचा झाडोरा’ की ‘पुळणजाळी’? शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे.

देवबागचा:
शब्दवेडी, पान उन्हात मिटतं हे तुम्ही स्वतः पाहिलंय का? की आपट्यावरून म्हणताय?