‘देव भावाचा भुकेला’ यातला भाव कोणता? (शब्दचर्चा : अमेरिकन गॉड्स)

निवडुंग
‘अमेरिकन गॉड्स’चे तिन्ही सीझन एकदाचे संपवले. २०१७ ते २०२१, एकूण २६ भाग. शेवटी गोष्ट ऐन मोक्यावर सोडून मालिका गुंडाळली, तो राग पुन्हा कधीतरी काढेन. आत्ता अडचण निराळी आहे. सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी मालिकेची ओळख लिहायची आहे. वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे, इंग्रजी शब्द पेरले की पान उलटणारे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जगभरातून माणसं अमेरिकेत गेली, कुणी पोटासाठी, कुणी बेड्या घालून नेलेली. जाताना मनात आपापले देव घेऊन गेली. पुढे नातवंडं त्या देवांना विसरली. देव मात्र तिथेच राहिले, म्हातारे झाले, पोटापाण्याला लागले. स्लाव लोकांचा चेर्नोबोग शिकागोच्या कत्तलखान्यातून निवृत्त झालाय, एक जिन न्यू यॉर्कमध्ये टॅक्सी चालवतो. समोर नवे देव ठाकलेत: टीव्ही, इंटरनेट, जागतिक बाजार. दोघांचं जगणं एकाच गोष्टीवर, माणसं त्यांना किती मानतात त्यावर.

घोडं अडलंय ते इथे. देवांचं हे जे खाद्य आहे, त्याला मराठीत काय म्हणू? ‘विश्वास’ लिहिलं की पतपेढीची जाहिरात वाटते. ‘श्रद्धा’ लिहिलं की मागोमाग ‘अंधश्रद्धा’ आणि तिचं ‘निर्मूलन’ हजर होतं. ‘उपासना’ म्हणजे रविवारी सकाळी रेडिओ लावल्यासारखं. दुसरं, हे जे विसरले गेलेले जुने देव आहेत त्यांना ‘विस्मृत देवता’ म्हणवत नाही. वस्तुसंग्रहालयातली पाटी वाटते. सुचवा.

काटेकोर
आधी देव, देवता आणि दैवत वेगळे करा. देवता ही ‘ती’. दैवत हे ‘ते’, आणि ते नेहमी कुणाचं तरी असतं: कुलदैवत, ग्रामदैवत, आराध्यदैवत. नुसतं दैवत म्हटलं तरी ‘कुणाचं?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो. तुमच्या मालिकेत तर कुळं संपली, गावं समुद्रापलीकडे राहिली. मग ते दैवत कुणाचं? तेव्हा सरळ ‘देव’ म्हणा.

आणि कुणी ‘अवतार’ सुचवेल त्याआधीच सांगतो, नको. अवतार घेणारा ठरवून येतो, काम उरकून परत जातो. हे बिचारे अडकलेत.

एडिसनकर
काटेकोरकाका, अवतार पूर्ण काढू नका हो. चेर्नोबोग घरच्या जुन्या बनियनवर चेकर्स खेळायला बसतो, किंवा तो ताडमाड आयरिश मॅड स्वीनी बारमध्ये मारामारी करून तिथेच आडवा होतो, तेव्हा आमच्या घरात एकच वाक्य उमटतं: ‘काय हा अवतार!’

काटेकोर
त्या अर्थाने चालेल. त्या अर्थानेच चालेल.

खाजा
निवडुंगताई, शब्द तुमच्या तोंडात आहे. ‘देव भावाचा भुकेला.’ आमच्याकडे भावाचो भुकेलो म्हणतात. सगळी मालिका त्या एका म्हणीत बसते. भाव लिहा.

निवडुंग
अरे! आरतीला, भजनाला, इतक्या वेळा ऐकलेली म्हण आणि ती शब्दशः घ्यायची कधी सुचलंच नाही. तिथे ‘भुकेला’ म्हणजे ‘देवाला बाकी काही नको, मनापासून हाक मारा’. इथे खरोखरची भूक, न मिळालं तर देव मरतो. तेच शब्द, पण प्रेमळ म्हण एकदम भीतिदायक झाली.

एडिसनकर
आता पुढे बघा. जुने देव भावाचे भुकेले, आणि नवे देव? भाव खातात!

मीडिया नावाची जी देवी आहे ती पहिल्या सीझनमध्ये दुकानातल्या टीव्हीच्या पडद्यातून जुन्या विनोदी मालिकेतल्या ल्यूसीच्या रूपात मालिकेचा नायक शॅडो याच्याशी बोलते. म्हणते, लोक माझ्यासमोर बसून वेळ वाहतात, लक्ष वाहतात, आणि कोकराच्या रक्तापेक्षा ते बरं. वेळ आणि लक्ष म्हणजे काय? आपण म्हणतोच ना, ‘त्याला कशाला भाव देतोस?’ भाव देणं, भाव खाणं, भाव वधारणं, भाव उतरणं. उत्तर युरोपातल्या जुन्या ओडिन देवाचा भाव उतरलाय, इंटरनेटचा वधारलाय. मालिकेच्या लेखकांना मराठी येत असतं तर त्यांनी एक अख्खा भाग यावर केला असता.

काटेकोर
गंमत मान्य. पण ‘भाव खाणे’तला भाव बाजारातला, दराचा. म्हणीतला भाव मनातला. लेखात दोन्ही एकाच परिच्छेदात आले तर वाचक शाब्दिक कोटी म्हणून हसेल आणि पुढे जाईल. तुम्हाला तेवढंच हवंय का?

निवडुंग
काका, मला वाटतं मालिकेचा मुद्दाच तो आहे की या दोन भावांमधली भिंत पडली आहे. पहिल्या सीझनमधला व्हल्कन आठवा. रोमन लोकांचा लोहार देव, ज्वालामुखीवाला. व्हर्जिनियात त्याच्या नावाचं गाव, तिथे बंदुकीच्या गोळ्यांचा कारखाना, प्रत्येक गोळीवर त्याचं नाव. गोळी उडाली की त्याला नैवेद्य पोचला. तो जुना देव नव्या देवांना फितूर होतो आणि गुबगुबीत राहतो. त्याच्या बाबतीत मनातला भाव कुठे संपतो आणि बाजारातला कुठे सुरू होतो ते तुम्हीच सांगा. (हे पात्र मूळ कादंबरीत नाही, मालिकेसाठी नव्याने रचलंय. मला सगळ्यात आवडलेलं.)

खाजा
खंडेनवमीला आपण तेच करतो की. शस्त्रं नसली तर कोयता, विळी, गाडी. आमच्या हापिसात दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूची माळ आणि कीबोर्डवर हळदकुंकू. पुढे महिनाभर एंटर दाबलं की बोट पिवळं. ‘जुने विरुद्ध नवे’ हे युद्ध आपल्याकडे लागायचंच नाही, कारण नव्याला आपण पहिल्याच दिवशी हार घालून मोकळे होतो.

अंत्रूज
फोंड्याहून लिहितेय. विसरलेल्या देवांबद्दल बोलताय, पण मला ही मालिका बघताना आठवले ते घेऊन गेलेले देव. मंगेशी मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे आणले. मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला, शांतादुर्गा कवळ्याला. गाव सुटलं, देव नाही सुटला. मालिकेत उलट: देव सोबत आला, मग माणसांनी सोडला.

आमच्याकडे त्यासाठी शब्द आहे, ‘थळ’. मराठीत ठाणं म्हणाल. मूळ ठाणं आणि नवं ठाणं. मालिकेतले देव ठाणं नसलेले आहेत. त्यांचा म्होरक्या वेडन्सडे मोटारीतून मोटेलांत हिंडतो, एक साधी घुमटी नाही त्याला.

काटेकोर
‘ठाणं सुटलेले देव’. वा. हे ‘विस्मृत’पेक्षा शंभरपट बरं. तरी ते स्थलांतराबद्दल झालं. विसरण्यासाठी वेगळा शब्द लागेल.

निवडुंग
तो मला रात्री भांडी आवरताना सापडला. पारोसे. घरात कुणाला बरं नसलं, सुवेर-सुतक असलं, पूजा राहिली की आजी म्हणायची, ‘देव पारोसे राहिलेत गं.’ पारोसा म्हणजे आंघोळ न केलेला. माणूसही पारोसा असतो, देवही. कालचं निर्माल्य तसंच, गंध वाळलेलं, निरांजनात काजळी. त्यात देवाचा अपमान नाही, देव नाहीसा झालेला नाही, फक्त कुणीतरी उठून त्याला पाणी घालायचं राहिलंय. मालिकेतले सगळे जुने देव शेकडो वर्षं पारोसे आहेत. दिसतातही तसेच!

एडिसनकर
याला तोड नाही. लेखाचं नावच ‘पारोसे देव’ ठेवा. इथे अमेरिकेत येऊन वाढलेल्या माझ्या मुलीला हा शब्द समजावताना अर्धा तास गेला, कारण तिला वाटलं मी तिलाच म्हणतोय. रविवार होता, तसं मी म्हणतही होतो.

खाजा
पण सगळेच पारोसे नाहीत हां. आरवलीचा वेतोबा घ्या. वेंगुर्ल्याकडे, शिरोड्याजवळ. त्याला लोक केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात असं सांगतात. मी स्वतः बघितल्यात, तळ झिजलेल्या. ह्या देवाला मालिकेत टाकलं असतं तर वेडन्सडेने पहिल्यांदा त्याच्या चपलांकडे बघून सुस्कारा सोडला असता. ड्युटीवरचा देव.

काटेकोर
आणि ड्युटी संपलेली देवता? मराठीत ‘देवी’ हे रोगाचंसुद्धा नाव आहे. ‘देवी आल्या’, ‘देवी टोचल्या’, ‘तोंडावर देवीचे वण’. रोगालाच शितळादेवी मानून तिला थंड पाणी, दहीभात दाखवायचे. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. माहीमला शितळादेवीचं देऊळ आहे, तिथे अजून गर्दी असते. म्हणजे काम गेलं, ठाणं राहिलं, भावही राहिला. पटकीच्या मरीआईचा पोतराज तर अजून रस्त्यावर स्वतःच्या पाठीवर आसूड ओढताना दिसतो. विसरला गेला म्हणजे देव मरतो, हे मालिकेचं गणित इथे पुरतं लागू पडत नाही. आपले देव काम बदलून घेतात.

निवडुंग
हे लेखात घेऊ का? विषय लांबेल. पण घेते.

आता नावांकडे या. मिस्टर वेडन्सडे. विमानात शॅडोला भेटतो, आज वार कोणता विचारतो, बुधवार म्हटल्यावर ‘आजचा दिवस माझाच’ म्हणून तेच नाव सांगतो. वेडन्सडे म्हणजे वोडेनचा, ओडिनचा वार. हे मराठीत कसं पोचवू? ‘श्री. बुधवार’ म्हटलं की पुण्यातले विचारणार, कोणत्या पेठेतले?

काटेकोर
इथे नशीब तुमच्या बाजूने आहे. लॅटिनमध्ये तो वार मर्क्युरीचा. जर्मानिक लोकांनी मर्क्युरीच्या जागी आपला वोडेन बसवला. आणि मर्क्युरी हा ग्रह म्हणजे आपला बुध. तेव्हा बुधवार आणि वेडन्सडे नुसते एका दिवशी येत नाहीत, एकाच ग्रहाच्या वारावर दोघांनी आपापला देव बसवलाय. फक्त हा बुध चंद्राचा मुलगा, गौतम बुद्ध नव्हे, हे कंसात लिहा. नाहीतर पत्रं येतील.

खाजा
नाव तयारच आहे. बुधाजी. बुधवारी जन्मला तो बुधा, बुधाजी. पालघरकडे आदिवासी पाड्यांवर वारावरून नावं ठेवतात, सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. ‘वार कोणता? बुधवार? मग मी बुधाजी.’ विमानातला प्रसंग जसाच्या तसा मराठीत येतो. आणि बुधाजी हा इसम गोड बोलून शेजाऱ्याची जमीन लिहून घेणारा वाटतो, वेडन्सडेसारखाच.

एडिसनकर
बाकीचे, म्हणजे नवे देव, मी करतो. मिस्टर वर्ल्ड = जगन्नाथपंत. टेक्निकल बॉय = तंत्रकुमार (तंत्र-मंत्रातलाही आणि तंत्रज्ञानातलाही). मीडिया = प्रसिद्धी. रिद्धी, सिद्धी आणि धाकटी प्रसिद्धी!

काटेकोर
प्रसिद्धी घ्या. बाकीची विनोदी झाली. बुधाजी विनोदी वाटूनही खरं वाटतं, जगन्नाथपंत नुसतं विनोदी वाटतं. शिवाय जगन्नाथ हा स्वतः भाव असलेला, ठाणं असलेला, रथावर बसणारा देव आहे. त्याचं नाव शत्रूपक्षाला देऊ नका.

अंत्रूज
आणि मामाजी? दुसऱ्या सीझनमध्ये काली येते, मोटेलच्या खानावळीत वाढपीण म्हणून काम करणारी. तिला सगळे ‘मामाजी’ म्हणतात. त्यांना म्हणायचंय ‘मम्मा’ला ‘जी’. मला ऐकू येतं मामाच.

निवडुंग
माझ्या सासूबाई बाजूला बसून बघत होत्या. त्यांना ऐकू आलं मामंजी, म्हणजे सासरे! गळ्यात मुंडमाळा घालणारी काली, आणि यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. लेखात ‘कालीमाय’ लिहिते. आपल्याकडे माय म्हणजे माय असते, ‘जी’ लावून तिचा मान वाढत नाही.

खाजा
मॅड स्वीनीचं काय? लेप्रेकॉन, म्हणजे आयरिश गोष्टींतला खोडकर बुटका. पण बुटका यक्ष वगैरे लिहू नका, तो साडेसहा फूट आहे. देवचार म्हणा. कोकणात देवचाराला नारळ ठेवतात, विडी ठेवतात, आणि विसरलात तर त्रास देतो. त्याच्या भागात ती आयरिश मुलगी एसी त्याच्यासाठी साय आणि पाव ठेवते, अमेरिकेत गेल्यावरसुद्धा. तेच आहे. नैवेद्य नाही तो, ‘ठेवणं’ आहे. देवाला दाखवतात, देवचाराला ठेवतात.

काटेकोर
‘दाखवणे’ आणि ‘ठेवणे’. हा फरक मी कुठल्या कोशात वाचलेला नाही. मानलं.

निवडुंग
मसुदा डकवते, मारा काय मारायचं ते:

‘देव भावाचा भुकेला, असं आपण म्हणतो. ही मालिका ते खरं धरून चालते. समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी सोबत आणलेले देव आता पारोसे पडले आहेत. त्यांचं ठाणं सुटलं आहे. त्यांचा म्होरक्या बुधाजी (मूळचा ओडिन) सगळ्यांना एकत्र करून प्रसिद्धी, तंत्रज्ञान आणि बाजार या भाव खाणाऱ्या नव्या देवांशी लढाई लावू पाहतो.’

एक शेवटचा अडसर. इजिप्तचे दोन देव, इबिस आणि जॅकल, इलिनॉयमधल्या एका गावात, मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या संगमाशी, प्रेतं सजवून पुरण्याचा व्यवसाय करतात. गावाचं नावही कैरोच. ‘अंत्यविधीचं दुकान’ लिहिलं तर फारच किराणा वाटतंय.

एडिसनकर
तिकडचे लोक गावाला केरो म्हणतात, कैरो नाही. बाकी दुकानाला शब्द मलाही हवाय, इथे राहून रोज पाटी बघतो.

काटेकोर
पेढी. ‘इबिस आणि जॅकल, अंत्यसंस्काराची पेढी’. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या धंद्याला पेढीच म्हणतात, आणि यांची तर फारोंपासूनची. मसुद्यात ‘मूळचा ओडिन’ कंसातून बाहेर काढा, आणि बुधाचा खुलासा कंसात घाला. तो राहूनच गेलाय.