फ्लॅटमध्ये राहून दिवाळीचा किल्ला कसा करायचा? आणि पेठेतले किल्ले बघायला कुठे जाऊ?

अकोल्याची_पुण्यात
नमस्कार मंडळी. मी मूळची अकोल्याची, आमच्या गल्लीत तरी कोणी किल्ला बिल्ला करत नव्हतं त्यामुळे मला यातलं ओ की ठो कळत नाही. जूनमध्ये डहाणूकर कॉलनीत राहायला आलो. मुलगा तिसरीत आहे, शाळेतून ऐकून आलाय आणि आता रोज एकच, आई आपला किल्ला कधी. बिल्डिंगच्या कमिटीला विचारलं तर पार्किंगमध्ये माती आणायची नाही म्हणाले, ड्रेनेज तुंबतं, आणि मागे कोणाचा तरी किल्ला जानेवारीपर्यंत तसाच पडून होता म्हणे (हे मला पटलं पण). बाल्कनी आहे चार बाय सहा, त्यात वॉशिंग मशीन. एवढ्यात होतो का किल्ला? का नुसते विकतचे मावळे आणून टेबलावर मांडू? आणि त्याला चांगले किल्ले दाखवायचे असतील तर पेठांमध्ये नक्की कुठे फिरायचं? नवऱ्याचं म्हणणं दिवाळी पहाटला जाऊ, मुलाचं म्हणणं किल्ला, मला दोन्ही चालेल पण पहाटे चारला उठायचं असेल तर आधी सांगा.

गोणपाट
होतो की! टेबलावर मावळे मांडू नका, त्याला किल्ला म्हणत नाहीत, शोकेस म्हणतात. जुना प्लायचा तुकडा किंवा पाट घ्या, अडीच बाय अडीचचा पुरे, खाली जाड प्लास्टिक. त्यावर सात आठ विटा वेड्यावाकड्या रचा, सरळ रचल्या तर डोंगर नाही, जिना दिसतो. विटांवर गोणपाट टाकायचं, तेही मातीच्या पातळ राबडीत बुडवून, आणि टाकताना हाताने चुण्या पाडायच्या म्हणजे कडे दिसतात. वाळलं की आपोआप कडक होतं. माती नर्सरीतून आणा, तांबडी, चाळून. एक पोतं सुद्धा लागणार नाही.

मुख्य गोष्ट अहळीव. वाण्याकडे मिळतो. रात्री पाण्यात भिजवून ठेवायचा, बुळबुळीत झाला की ओल्या मातीवर हाताने पसरायचा आणि रोज पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, ओतलं की सगळा डोंगर खाली येतो (अनुभव). वसुबारसेच्या पाच सहा दिवस आधी पेरलात तर लक्ष्मीपूजनापर्यंत मस्त हिरवं. त्याच्याही आधी पेरलात तर लांब होऊन आडवा पडतो आणि किल्ल्यावर केस वाढल्यासारखे दिसतात. आम्ही एकदा मोहरी टाकली होती, तीही येते पण अहळिवाची मजा नाही.

मुलाला चिखल स्वतः कालवू द्या. तुम्ही छान करून दिलात तर तो दोन दिवसात विसरेल.

शनिवारपेठी
मावळे मॉलमधून घेऊ नका प्लीज. कसब्यात कुंभारवाड्यात जा. दिवाळीच्या आधी तिथे पणत्या, बोळकी, मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज, वाघ, गवळण, सगळं ओळीने मांडलेलं असतं. सकाळी लवकर जा, संध्याकाळी त्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते आणि गाडी लावायचा विचार तर करूच नका, मेट्रोने या आणि चालत जा. प्रमाणाकडे मात्र बघू नका, आमच्याकडे लहानपणापासून वाघ मावळ्याच्या दुप्पट आहे आणि तोच वाघ अजून गुहेत बसतो, एक कान नाही त्याला. माझ्या भावाने एका वर्षी बालेकिल्ल्यावर हेलिकॉप्टर ठेवलं होतं, आजोबा दोन दिवस बोलले नाहीत त्याच्याशी.

बघायला: महापालिकेची किल्ले स्पर्धा जंगली महाराज रोडच्या संभाजी उद्यानात भरते, एका जागी भरपूर किल्ले बघायचे असतील तर ते सोपं, तारखा तेवढ्या पेपरात बघून घ्या. पण खरी मजा सदाशिव, नारायण, शनिवारच्या बोळांतून पायी फिरण्यात. जुन्या वाड्यांच्या अंगणात, जिन्याखाली, कुठेही असतात. तुम्ही थांबलात की आतून एक पोरगं पळत येतं, "काका माहिती सांगू का" आणि मग एका श्वासात पायथा, उंची, बुरुज, दरवाजे, सगळं पाठ. मधेच थांबवून प्रश्न विचारू नका, गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनापासून सुरू होते. शेजारी डबा ठेवलेला असतो, दहा वीस रुपये टाका, तेवढ्यात पुढच्या वर्षीचे मावळे येतात.

बालेकिल्ला_बॉय
सी फोर्ट करा, बाल्कनीला बेस्ट. टबात पाणी, मधे दगड, झाला जंजिरा. माझ्या मुलीने मागे तसाच केला होता, वर महाराज सिंहासनावर, बाजूला सलाईनच्या नळीचं कारंजं, सगळे बघायला यायचे.

जुना_ट्रेकर
जंजिऱ्यावर महाराज?? अहो जंजिरा सिद्दीचा. शिवाजी महाराजांना तो कधीच मिळाला नाही, पुढे संभाजी महाराजांनी वेढा दिला तरी नाही. त्याला शह म्हणून समोर कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला. पाण्यातला किल्ला करायचाच असेल तर सिंधुदुर्ग करा, १६६४ ला काम सुरू झालं, आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवतात, पोराला सांगायला पण गोष्ट मिळते.

आणि डोंगरी हवा असेल तर रायगड सगळेच करतात, राजगड करा. तीन माच्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी, आणि मधे वर बालेकिल्ला. तीन बाजूंना तीन सोंडा काढल्या की झालं, तिसरीतल्या मुलाला पण जमतं आणि बघणारा लांबून ओळखतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आपले १२ किल्ले गेले त्यात राजगड आहे. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तर माझ्या पुतण्याने हट्टाने जिंजीच करायला घेतला आणि मग रात्री अकराला मला फोन, काका जिंजी दिसतो कसा.

बालेकिल्ला_बॉय
मुलगी सात वर्षांची होती हो काका. आता तुमची कमेंट वाचून दाखवली, म्हणते मग महाराजांनी घेतला असता तर कसा दिसला असता ते केलंय.

जुना_ट्रेकर
बरं. चालेल.

पहाटे_चार_चा_गजर
पहाटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. हो, उठावं लागतं. नाट्यगृहातल्या कार्यक्रमांना पास लागतात, बरेचदा फुकट असतात पण दोन दिवसात संपतात, आणि पास असला तरी उशिरा गेलात तर मागची खुर्ची. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला पहाटे सगळं पुणं नवे कपडे घालून लोटतं, तिथे गाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात पण एकदा बघावं. माझं मत विचाराल तर हल्ली बऱ्याच पहाटांत फ्लेक्सवर गायकापेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा असतो आणि पहिलं गाणं सुरू व्हायला सत्कारांची अर्धा तास रांग. तिसरीतलं पोरगं तिथे झोपणार.

त्यापेक्षा त्रिपुरी पौर्णिमेला त्याला ओंकारेश्वराला न्या. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, संध्याकाळी, नदीकाठी देऊळभर पणत्या. लोक आपापल्या पणत्या घेऊन येतात, वारा आला की विझतात, शेजारचा अनोळखी माणूस आपल्या पणतीने तुमची लावून देतो. गर्दी असते पण ढकलाढकली नाही. आणि कोणी माईक हातात घेत नाही.

अकोल्याची_पुण्यात
सगळ्यांचे खूप खूप आभार, आज धनत्रयोदशी, अपडेट देते. राजगड केला. दोन माच्या नीट झाल्या, संजीवनी वॉशिंग मशीनला धडकली म्हणून आखूड आहे. कुंभारवाड्यातून अकरा मावळे, एक तोफ, महाराज, आणि मुलाने स्वतः निवडलेली एक गवळण जी महाराजांपेक्षा उंच आहे. वरच्या मजल्यावरची तीन मुलं रोज पाणी शिंपडायला येतात, त्यातल्या एकाची आई कमिटीत आहे, ती काल बघून गेली आणि म्हणाली पुढच्या वर्षी जिन्याखाली करा, पण तुळशीच्या लग्नानंतर उचलायचा असं लिहून द्या. देते म्हटलं!

एकच प्रॉब्लेम. अहळीव छान आलाय आणि बिल्डिंगची मांजर रोज दुपारी येऊन बरोब्बर पद्मावती माचीवर झोपते. तिथे आता टक्कल पडलंय. काय करू?

गोणपाट
संत्र्याची सालं टाका आजूबाजूला, मांजराला वास आवडत नाही. टकलावर आज रात्री भिजवून परत पेरा, भाऊबीजेपर्यंत कोंब तरी दिसतील. तोपर्यंत तिथे तळं करा, निळा कागद लावून. पद्मावती तलाव आहेच की राजगडावर.