ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पीएचडी गाइड निवडताना एच इंडेक्स किती बघावा?

भुसावळकर_दादा
लहान भावाचं एमएस्सी ऑरगॅनिक झालं जळगावला, सेट पण निघाली, आता पीएचडीला गाइड बघतोय. दोन सर घ्यायला तयार आहेत. एकांचे दीडशेच्या वर पेपर, गूगल स्कॉलरवर (गूगलचं रिसर्च पेपर शोधायचं पान) एच इंडेक्स ३८. दुसऱ्यांचे वीसेक पेपर आणि एच इंडेक्स ११. घरचे म्हणताय मोठा आकडा घे. मी बँकेत आहे, मला यातलं ओ का ठो कळत नाही. हा आकडा असतो काय आणि त्याच्यावरून माणूस जोखता येतो का?

तापीकाठचा_मास्तर
हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये काढलेला आकडा आहे हा. समज एखाद्याचे ५ पेपर, त्यांना सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरात दिलेले संदर्भ, ४०, १२, ९, ४, १. तर ४ पेपर असे की प्रत्येकाला किमान ४ सायटेशन, म्हणून एच इंडेक्स ४. पहिल्या पेपरला ४० ऐवजी ४००० मिळाले तरी ४ च राहतो! आणि हा आकडा वाढतो, कमी कधी होत नाही, त्यामुळे रिटायरमेंटला आलेले सर आणि पस्तिशीतले सर यांची तुलना करण्यात अर्थ नाही. दोघांचं वय काय ते तर तू सांगितलंच नाही. स्कोपसवर, म्हणजे पेपरांच्या दुसऱ्या डेटाबेसवर, पण बघ, तिथे आकडा बहुतेक कमीच निघतो कारण गूगल थीसिस, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापायच्या आधीचे पेपर) सगळं धरतं.

शहादा_ते_अंकलेश्वर
भो मी एपीआय, म्हणजे औषधातला मूळ घटक बनवणाऱ्या, कंपनीत प्रोसेसला आहे, माझं मत जरा वेगळं. ऑरगॅनिकमध्ये रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या कामाचा आढावा, लिहिला की सायटेशन धो धो येतात. सुझुकी कपलिंग या कार्बन-कार्बन जोडायच्या रिअॅक्शनचंच घे, मूळ काम १९७९ चं, पण मियाउरा-सुझुकींच्या १९९५ च्या रिव्ह्यूला त्याच्यापेक्षा जास्त सायटेशन आहेत, आणि आता तर लोकं नुसतं सुझुकी केलं एवढंच लिहितात, पेपरचं नाव पण घेत नाही. २०१० ला नोबेल मिळालं तोवर आमच्यासारखे प्लांटवाले ती रिअॅक्शन रोजची करत होते. उलट टोटल सिंथेसिसवाल्यांचं, म्हणजे निसर्गातले अवघड रेणू लॅबमध्ये साध्या कच्च्या मालापासून बनवणाऱ्यांचं बघ, वुडवर्ड आणि एशेनमोझरचं व्हिटॅमिन बी१२, नव्वदच्या वर पोरं, अकरा-बारा वर्षं. वुडवर्डचे आयुष्यभराचे पेपर दोनशेच्या आसपास, त्याच क्षेत्रातल्या कोरीचे हजाराच्या वर, दोघांनाही नोबेल. मग मोजणार काय?

माझ्या लेखी खरी परीक्षा एकच, लिहिलंय तसं दुसऱ्याच्या फ्लास्कमध्ये होतं का. पेपरात ९२ टक्के यील्ड (हाती येणारा माल) आणि आम्ही केलं की चाळिशीच्या पुढे सरकत नाही, असे पेपर ढीगभर पडलेत आणि त्यांना सायटेशन पण आहेत. ऑरगॅनिक सिंथेसिस म्हणून जर्नल आहे १९२१ पासूनचं, ते दुसऱ्या लॅबमध्ये प्रोसिजर करून बघितल्याशिवाय छापतच नाही. असं सगळीकडे झालं तर निम्मे एच इंडेक्स बसतील खाली 😄

केळीची_बाग_रावेर
आकडे सोडा हो. आधी विचारा एनएमआर, म्हणजे कंपाउंडची रचना तपासायची टेस्ट, कुठून करून आणतात, पैसे कोण भरतं आणि रिपोर्ट किती दिवसांनी येतो. आमच्या ताईचं सॅम्पल बाहेरगावी जायचं, तोवर कंपाउंड खराब.

भुसावळकर_दादा
मोठ्या आकड्याचे सर ५८ चे, दुसरे ३६ चे. मोठ्या सरांच्या पेपरवर दहा-दहा नावं असतात, ते बरं की वाईट?

तापीकाठचा_मास्तर
नुसत्या दहा नावांवरून काही ठरत नाही. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का, आणि नावापुढे स्टार असलेले, म्हणजे करस्पॉन्डिंग ऑथर (पेपरची जबाबदारी घेणारे), सर स्वतः आहेत का ते बघ. मग स्कॉलरवर वर्षाप्रमाणे लावून बघ, गेल्या पाच वर्षांत काय आलं. एका पेपरच्या सायटेशनवर क्लिक केलं की कोणी सायटेशन दिले ते दिसतं, तिथे फिरून फिरून सरांच्याच ग्रुपची नावं दिसली तर समजून जा, आपसातच सायटेशन चाललेत. ५८ च्या सरांना रिटायरमेंटला किती वर्षं उरली ते पण आधी विचारून घे, नाहीतर मधेच गाइड बदलायची वेळ येते.

शहादा_ते_अंकलेश्वर
आणि त्यांच्याकडून पास झालेली पोरं आता कुठे आहेत? दोघा-तिघांना फोन लाव. अंकलेश्वर-वापीकडच्या केमिकल कंपन्यांत कोणी असेल तर मला इनबॉक्स कर, मी विचारून सांगतो.