सामायिक वायफायच्या इमारतीत स्वतःचं वेगळं नेटवर्क करता येतं का?

सांगलीची_हळद:

मंडळी, मी वाकडला एका वनआरकेत भाड्याने राहते. वायफाय भाड्यातच धरलेलं आहे, अकरा महिन्यांच्या करारात तसं लिहिलंय. पाच मजल्यांची इमारत, प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी छताला एक पांढरी तबकडी, सगळीकडे एकच नाव आणि सगळ्यांना एकच पासवर्ड. तो टाकला की एक पान उघडतं, मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी येतो. एका नंबरावर तीन उपकरणं. टीव्ही आणि प्रिंटरला ओटीपी टाकता येत नाही म्हणून वायफायवाल्या पोराने त्या उपकरणांचे ओळख नंबर लिहून घेऊन त्याच्या यादीत घातले होते.

आता गंमत ऐका. रात्री मी आईशी फोनवर बोलत असले की टीव्ही आपोआप चालू व्हायचा आणि त्यावर कार्टून लागायचं. वरच्या मजल्यावरचं कार्टं आईच्या फोनवरून टीव्हीवर पाठवायचं, आणि यादीत पहिला माझा टीव्ही यायचा. त्यांच्या आणि माझ्या, दोन्ही टीव्हींचं नाव 'लिव्हिंग रूम टीव्ही'. (माझ्याकडे लिव्हिंग रूम सोडा, रूमच एक आहे.) मालकीणबाईंच्या कानावर घातलं. तो पोरगा आला, लॅपटॉपवर काहीतरी खटका मारून गेला. कार्टून बंद झालं हे खरं, पण तेव्हापासून माझा फोन माझ्याच टीव्हीला ओळखत नाही आणि लॅपटॉपला प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर टेबलावर, लॅपटॉपला चिकटून.

मी घरून इन्शुरन्स क्लेम तपासते. प्रिंटशिवाय माझं डोकं चालत नाही, लाल पेनने खुणा केल्याशिवाय आकडे दिसतच नाहीत. शिवाय लोकांचे मेडिकल रिपोर्ट हाताखालून जातात, तेव्हा अख्ख्या इमारतीबरोबर एकाच नेटवर्कवर बसायचं मनाला पटत नाही.

स्वतःचं ब्रॉडबँड सुचवू नका. भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही आणि वायफायचे पैसे भाड्यात भरतेच आहे. दुकानदार म्हणतो वायफाय एक्स्टेंडर घ्या, काम होईल. होईल का?

उंटावरचा:

एअरफायबर घ्या. विषय संपला.

सांगलीची_हळद:

त्या बिनतारी ब्रॉडबँडचं बाहेरचं युनिट गच्चीवर बसवावं लागणार, गच्चीला कुलूप आणि चावी मालकीणबाईंच्या कमरेला. विषय चालू.

पक्कड:

ताई, मी चिंचवडला सीसीटीव्ही आणि नेटवर्कची कामं करतो. अशा इमारती रोजच्या आहेत.

त्या पोराने जो खटका मारला तो क्लायंट आयसोलेशनचा. तो लावला की वायफायवरचं प्रत्येक उपकरण फक्त इंटरनेटकडे जाऊ शकतं, दुसऱ्या उपकरणाशी बोलू शकत नाही. यातलं तुमचं कुठलं आणि वरच्यांचं कुठलं हे त्याला कळायला मार्ग नाही, म्हणून तुमचा फोन आणि तुमचा टीव्हीसुद्धा एकमेकांना परके. त्याने केलं ते योग्यच केलं. बंद करायला लावू नका, नाहीतर परत कार्टून.

एक्स्टेंडर अजिबात घेऊ नका. तो इमारतीचंच नेटवर्क तुमच्या खोलीत जोरात आणतो, एवढंच. पत्ते (आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणारा क्रमांक) वाटणार इमारतीचाच राउटर, ओटीपीची भानगड तीच आणि आयसोलेशनही डोक्यावर. तुम्हाला हवाय डब्ल्यूआयएसपी मोड असलेला राउटर. तो इमारतीच्या वायफायला एकटा जोडला जातो, तिथून एकच पत्ता घेतो आणि आतल्या बाजूला स्वतःचं नेटवर्क उभं करतो. नाव तुमचं, पासवर्ड तुमचा, पत्ते वाटणारा तुमचा राउटर. सोसायटीच्या लाइनवरून आपली टाकी भरून घ्यायची आणि घरातले नळ टाकीला जोडायचे, तसं. इमारतीला दिसतं एकच उपकरण, मागे प्रिंटर आहे की टीव्ही याचा पत्ता लागत नाही.

खोक्यावरच्या शब्दांवर जाऊ नका. टीपी-लिंकच्या छोट्या राउटरवर यालाच हॉटस्पॉट मोड म्हटलेलं असतं. जीएल-आयनेटवाले 'रिपीटर' लिहितात, पण आतून ते काम असंच करतं. दुकानात एकच विचारा: आतल्या उपकरणांना पत्ते कोण देणार? 'हाच राउटर' असं उत्तर आलं तर घ्या. ड्युअल बँडच (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्हीवर चालणारा) घ्या. एकाच रेडिओवरून इमारतीकडून घ्यायचं आणि तुम्हाला द्यायचं म्हटलं की वेग जवळजवळ निम्मा होतो. ५ गिगाहर्ट्झवर घेऊन २.४ वर दिलं तर तसं होत नाही.

पण त्याआधी खोलीत तारेचा पॉइंट आहे का बघा. टीव्हीच्या पॉइंटशेजारी असतो, बऱ्याचदा कपाटामागे जातो. टेलिफोनच्या खाचेहून रुंद, आत आठ बारीक सोनेरी पट्ट्या. तो चालू असेल तर डब्ल्यूआयएसपी वगैरे विसरा. साधा राउटर, साधा राउटर मोड, आणि वेगाची रड नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. भिंतीतली तार राउटरच्या वॅन भोकातच (बाहेरून इंटरनेट आत येतं ते) घाला. ते वेगळ्या रंगाचं असतं किंवा त्यावर 'इंटरनेट' लिहिलेलं असतं. लॅनच्या भोकात (घरातली उपकरणं जोडायचं ते) घातली की तुमचा राउटर उलट दिशेने, इमारतीत पत्ते वाटायला लागतो. शेजाऱ्याच्या फोनने तो पत्ता घेतला की नेट त्याचं बंद. एका पीजीत असंच झालं होतं, आम्ही दारोदार राउटर शोधत फिरलो. सापडला तो एका पोराच्या पलंगाखाली, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, म्हणजे त्याला शंका आलेली होती! इमारतीतल्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीत, म्हणजे चांगल्या नेटवर्क स्विचमध्ये, हे अडवायची सोय असते, पण ती लावतो कोण.

आणि मालकीणबाईंना सांगून करा. तीन उपकरणांची मर्यादा त्यांनी घातलीय, तुमच्या एका राउटरमागे सहा बसणार. गुपचूप केलं तर उद्या नेट हळू झालं की नाव तुमचंच.

ब्रेमेनकर:

पक्कडदादांना अनुमोदन. इथे जर्मनीत विद्यार्थी वसतिगृहात राहतो, खोलीत तारेचा पॉइंट आहे आणि नेटवर्क उपकरणाच्या मॅक पत्त्यावर (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख नंबर, राउटर वाटतो तो पत्ता नव्हे) चालतं. नोंदवलेला एक पत्ता, बाकी सगळ्यांना दार बंद. मी लॅपटॉप नोंदवला होता, मग राउटरमध्ये 'मॅक क्लोन' करून तोच पत्ता दिला (इथल्या ऑफिसला विचारून, काही वसतिगृहांत स्वतःच्या राउटरला बंदीच असते).

हळदताई, तुमची तीन उपकरणं आधीच भरली असतील तर हे लागेल. फोनचा पत्ता क्लोन करणार असाल तर एक मेख आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनला आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतो. त्यामुळे 'अबाउट फोन'मधला पत्ता घेऊन उपयोग नाही, त्या इमारतीच्या वायफायच्या तपशिलात जो दिसतो तो घ्यायचा. आणि नंतर तो फोन इमारतीच्या वायफायवर ठेवायचा नाही, 'फर्गेट' करून टाकायचं. एकाच पत्त्याची दोन उपकरणं झाली की दोघांचंही नेट अडखळतं.

खिडकी_बंद:

ताईंचा मेडिकल रिपोर्टांचा मुद्दा मागेच पडला, म्हणून लिहितो. स्वतःचा राउटर लावल्यावर शेजारी तुमच्या उपकरणांपर्यंत पोचत नाहीत, हे झालं. पण राउटरपासून पुढचा रस्ता इमारतीचाच आहे, आणि त्या रस्त्यावर जो बसलाय त्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे दिसू शकतं. आतला मजकूर नाही, तो एचटीटीपीएसमुळे (साइटशी होणारी कुलूपबंद जोडणी) झाकलेला असतो, पण साइटचं नाव दिसतं.

त्यातही हवेतला भाग जास्त कच्चा. डब्ल्यूपीए२ (वायफायच्या सुरक्षेची जुनी पद्धत) आणि सगळ्यांना एकच पासवर्ड, म्हणजे तो पासवर्ड माहीत असलेला माणूस तुमचं उपकरण जोडलं जाताना हवेतलं पकडून बसला तर पुढची रहदारी उलगडू शकतो. डब्ल्यूपीए३ मध्ये ही पळवाट बुजवली आहे, पण जुन्या तबकड्यांवर ते नसतं. म्हणून तार मिळाली तर वेगापेक्षा या कारणासाठी घ्या.

कामासाठी ऑफिसचा व्हीपीएन (तुमची रहदारी झाकून ऑफिसपर्यंत नेणारा बोगदा) असेल तर तो लॅपटॉपवर कायम चालू ठेवा, मग त्या वायफायवाल्या पोराला फक्त 'ऑफिसला काहीतरी चाललंय' एवढंच कळेल. फुकटचे व्हीपीएन नकोत. इमारतीतल्या पोरावर विश्वास नाही म्हणून कुठल्यातरी अनोळखी कंपनीवर ठेवायचा, यात मिळवलं काय? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे, तेव्हा 'आम्ही काही साठवत नाही' हे वाक्य भारतात जरा जपूनच वाचावं.

नव्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

सांगलीची_हळद:

सगळ्यांचे मनापासून आभार. पॉइंट सापडला! कपाट सरकवलं तर मागे एक धुळीने माखलेलं झाकण, त्यात पक्कडदादांनी सांगितल्या तशा पट्ट्या. (एक हरवलेलं कानातलंही सापडलं, पण तो या धाग्याचा विषय नाही.) पॉइंट मेलेला होता. मालकीणबाई आधी 'कशाला हवंय, सगळ्यांना चालतंय की' म्हणाल्या. प्रिंटर चालत नाही म्हटल्यावर काही हलल्या नाहीत, पण माझ्यामागे एकच उपकरण दिसेल आणि टीव्हीच्या तक्रारी कायमच्या थांबतील म्हटल्यावर त्या पोराला फोन लावला. त्याने जिन्यातल्या पेटीत एक वायर खोचली आणि पॉइंटला जीव आला.

राउटर आणून तार वॅनमध्ये घातली. निळं भोक, खात्री करून. दिवा लागला, वायफाय दिसलं, पण ओटीपीचं पान काही केल्या उघडेना, नेटही नाही. आता?

पक्कड:

दोन ठिकाणी बघा. फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) कुठला स्वतः भरून ठेवलाय का? असेल तर तेवढ्यापुरता 'ऑफ' करा, त्याच्यामुळे असली पानं उघडत नाहीत. दुसरं, राउटरमध्ये 'डीएनएस रीबाइंडिंग प्रोटेक्शन' असेल तर तेही तात्पुरतं काढा, कारण ओटीपीचं पान इमारतीतल्याच खासगी पत्त्यावर असतं आणि राउटरला तो हल्ला वाटतो. मग ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस नसलेली साइट टाका, नेव्हरएसएसएल डॉट कॉम त्यासाठीच आहे. पान तिथे वळेल.

तरीही नाही झालं तर तुमच्या राउटरचा आतला पत्ता आणि इमारतीचा पत्ता एकच मालिका आहे का बघा. दोन्हीकडे १९२.१६८.०.१ असेल तर राउटर गोंधळतो, बाहेर कुठे जायचं तेच त्याला कळत नाही. तुमचा १९२.१६८.५०.१ करून टाका.

सांगलीची_हळद:

शेवटचंच होतं! दोन्हीकडे ०.१. माझा ५०.१ केला, राउटर परत चालू झाला आणि पान आपणहून समोर आलं. ओटीपी एकदाच टाकला, राउटरच्या नावावर. फोन, लॅपटॉप, टॅब, टीव्ही सगळे आत. टीव्हीचं नाव बदलून 'हळद' ठेवलंय.

प्रिंटरला मात्र माझं नवं वायफाय दिसतच नाही. शेजाऱ्यांची दिसतात, माझं नाही.

पक्कड:

प्रिंटर फक्त २.४ वाला असणार, आणि तुमच्या राउटरवर २.४ बंद असेल किंवा सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए३ वर असेल. २.४ चालू करा, डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा.

सांगलीची_हळद:

डब्ल्यूपीए३ वरच होतं. चाचणी पान निघालं, शाई फिकट आहे तो दोष माझा नाही. वायफायवाल्या पोराने टीव्ही-प्रिंटर यादीतून काढून त्या जागी राउटरचा नंबर घातला, आता ओटीपीही नको.

वरच्या कार्ट्याची आई येऊन गेली. तिलाही असंच करून हवंय, आणि तिच्याकडून ऐकून चौथ्या मजल्यावरच्या दोन मुलींनाही. चालेल ना?

पक्कड:

चालेल, पण त्यांना पॉइंटवरच करायला सांगा, हवेतून नको. आणि एवढ्याशा जागेत इतके राउटर झाले की २.४ वर गर्दी होते. प्रत्येकीने चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच घ्यायचा, शेजारणीशी बोलून वेगवेगळा. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवायची, ४० नाही. ट्रान्समिट पॉवर 'लो' करायची, वनआरकेला तेवढी पुष्कळ होते. फोन आणि टीव्ही ५ वर टाका, २.४ फक्त प्रिंटरसाठी ठेवा. आणि तुम्ही स्वतः जाऊन वायर कुठल्या भोकात गेली ते बघून या.