जीआरईची तारीख कधीची घेऊ? बडोद्याहून दिलेल्यांनी प्लीज सांगा

टेक्नो_मेकॅनिकल
नमस्कार सगळ्यांना. मी कलाभवनात (एमएस युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) मेकॅनिकलच्या फायनल इयरला आहे, पुढच्या फॉलला (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्राला) अमेरिकेत मास्टर्ससाठी अप्लाय करायचंय आणि त्यासाठीच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे जीआरईची, तारीख काही ठरत नाहीये. आत्ता जुलै चालू आहे, आईचं म्हणणं दिवाळी होऊ दे मग शांतपणे दे, मैत्रिणी म्हणतात सप्टेंबरमध्येच उरकून टाक. सेंटरवर द्यावी की घरून हाही प्रश्न आहे, आमचं घर दांडिया बाजारात आहे, आजी-आजोबा धरून सहा माणसं. शिवाय माझा पासपोर्ट लहानपणी काढलेला, तो एक्स्पायर झालाय. आधी काय करू, कोणी नीट क्रम सांगेल का?

रावपुरा_ते_टेक्सास
आधी एक काम कर, ज्या डिपार्टमेंटना अप्लाय करणार आहेस त्या प्रत्येकाचं ॲडमिशनचं पान उघड, युनिव्हर्सिटीचं नाही, डिपार्टमेंटचं, आणि जीआरई मागतात का ते बघ, कारण कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी ती ऑप्शनल झालीये आणि काही ठिकाणी तर स्कोअर बघतसुद्धा नाहीत. एकाच युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलचा नियम वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असू शकतो. तुझ्या यादीत एकालाही नको असेल तर एवढी फी भरायचीच कशाला.

मागत असतील तर तारीख उलटी मोजत ये. समज सगळ्यात आधीची डेडलाइन १५ डिसेंबर आहे. ऑफिशियल स्कोअर यायला ८ ते १० दिवस लागतात, मग तो युनिव्हर्सिटीला पोचायला अजून थोडे, म्हणजे शेवटचा अटेम्प्ट नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत झालेला हवा. आता पहिल्यांदा स्कोअर मनासारखा नाही आला तर पुन्हा द्यायला मध्ये २१ दिवस जावे लागतात (१२ महिन्यांत जास्तीत जास्त पाचदा देता येते), आणि त्या २१ दिवसांत आपल्याकडे नवरात्र किंवा दिवाळी येणारच, घरात कोणाचा अभ्यास होतो गं तेव्हा? म्हणून पहिला अटेम्प्ट गणपती विसर्जन झाल्यावर आणि नवरात्र बसायच्या आधी असा घे. दिवाळीनंतर पहिल्यांदाच दिलीस तर दुसऱ्या संधीला जागाच उरत नाही, काकूंना हे नीट समजावून सांग, त्या तुझ्या काळजीनेच म्हणतायत.

आणि थर्ड इयरची मुलं वाचत असतील तर, स्कोअर ५ वर्षं चालतो, तुम्ही सुट्टीतच देऊन टाका.

मांडवीकर
पासपोर्ट सगळ्यात आधी!! तारीख नंतर. परीक्षेला ओळखपत्र म्हणून एक्स्पायर झालेला चालत नाही. बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहेच, आजच अपॉइंटमेंट बघ, पोलीस व्हेरिफिकेशनला वेळ लागू शकतो हे धरून चाल.

आणि नावाचं बघ, हे फार महत्त्वाचं आहे. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग आपलं नाव, मग वडलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि गिव्हन नेममध्ये बऱ्याचदा आपलं आणि वडलांचं दोन्ही. ईटीएसचं (जीआरई घेणाऱ्या संस्थेचं) अकाउंट उघडताना मार्कशीट समोर ठेवून नाव भरू नकोस, पासपोर्ट समोर ठेव आणि त्याच्यावर जसं आहे तसंच भर, स्पेलिंगसकट. नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि फीही जाते. आमच्या नात्यातल्या एका मुलाला असंच दारातून परत यावं लागलं होतं, पोराची सगळी तयारी झालेली, फार वाईट वाटलं. म्हणून नवीन पासपोर्ट हातात आल्याशिवाय बुकिंग करू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे.

अलकापुरी_क्वांट
घरून की सेंटर ह्याबद्दल मी सांगते, पेपर दोन्हीकडे तोच असतो, सप्टेंबर २०२३ पासून छोटा झालाय, १ तास ५८ मिनिटं, एक निबंध, मग व्हर्बल (इंग्रजी) आणि क्वांटचे (गणिताचे) दोन-दोन सेक्शन. फरक आजूबाजूचा आहे. घरून द्यायची तर खोलीत तू एकटीच, मध्ये कोणी आत आलेलं चालत नाही, आधी कॅमेऱ्याने सगळी खोली फिरवून दाखवावी लागते, हेडफोन नाही, टॅब किंवा क्रोमबुक नाही, एकच स्क्रीन. आणि रफ कामाला कागद नाही!! छोटा व्हाइटबोर्ड किंवा प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरमध्ये घातलेला कागद आणि पुसता येणारा मार्कर. ज्यांना क्वांट कागदावर सोडवायची सवय आहे त्यांना हे जड जातं, सेंटरवर कागद मिळतो.

फायदा एकच पण मोठा, घरून चोवीस तासांत कुठलीही वेळ मिळते. पण दांडिया बाजारात सहा माणसांच्या घरात, खाली ट्रॅफिक, गणपतीत ढोल, मला नाही वाटत तुझं लक्ष लागेल. आणि पावसाळ्यात लाइट-नेटचा भरवसा धरू नकोस, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. मी तरी सेंटरच घे म्हणेन. अकाउंटमध्ये बडोदा टाकून शोध, हवी ती तारीख दिसली नाही तर अहमदाबाद बघ, ११० किलोमीटर आहे, फक्त दुपारचा स्लॉट घे म्हणजे सकाळी आरामात निघता येईल.

टेक्नो_मेकॅनिकल
खूप खूप थँक्यू सगळ्यांना, आजच पासपोर्टचा फॉर्म भरते. अजून दोनच शंका. तारीख घेतली आणि तेव्हाच कॉलेजची इंटर्नल परीक्षा लागली तर बदलता येते का? आणि चार युनिव्हर्सिटींना स्कोअर फुकट जातो म्हणतात, त्या चार कधी निवडायच्या?

रावपुरा_ते_टेक्सास
बदलता येते, पण परीक्षेच्या किमान ४ दिवस आधी, आणि त्यात परीक्षेचा दिवस आणि तू बदल मागशील तो दिवस धरत नाहीत, म्हणून आठवडाभर आधीच काय ते ठरव. तारीख बदलायला वेगळी फी लागते आणि पूर्ण कॅन्सल केलीस तर अर्धेच पैसे परत. त्यामुळे डिपार्टमेंटमध्ये सरांना इंटर्नल साधारण कधी आहेत ते आत्ताच विचारून ठेव.

त्या चार परीक्षेच्या दिवशीच निवडायच्या, पेपर संपला की स्क्रीनवर व्हर्बल-क्वांटचा स्कोअर दिसतो आणि मग विचारतात. नंतर पाठवायचे तर प्रत्येकी पैसे पडतात. म्हणून घरून निघताना आठ-दहा नावं मनात तयार ठेव, स्कोअर चांगला दिसला तर वरची चार, कमी दिसला तर खालची.

एक_आई
मुलीच्या जीआरईची फी गेल्या वर्षी आम्हीच भरली. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये आधी बघून घे, पुष्कळ कार्डांवर ते बंदच असतात. आणि बाळा, क्लासची फी भरायच्या आधी ईटीएसच्या पॉवरप्रेप नावाच्या दोन फुकट सराव टेस्ट आहेत त्यातली एक आत्ताच दे, म्हणजे किती तयारी बाकी आहे ते कळेल आणि तारीख त्यावरून ठरेल. दुसरी मात्र परीक्षेच्या आधीच्या आठवड्यासाठी राखून ठेव.