विचारांतील स्वराज्य आणि अमळनेर
हिंदूंविषयीचा तुच्छताभाव इंग्रजांबरोबरच गेला, असे मत येथील चर्चेत मांडले गेले आहे; ते मला पटत नाही. भारतात कधीही पाऊल न ठेवलेल्या आणि येथील भाषा न जाणणाऱ्या ब्रिटिश इतिहासकार जेम्स मिलने हिंदूंना असंस्कृत ठरवणारा इतिहास लिहिला, आणि तोच ईस्ट इंडिया कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांना इंग्लंडमधील हेलीबरी येथील महाविद्यालयात शिकवला गेला. ही दृष्टी पुढे आपल्या अभ्यासक्रमांतही मुरली.

या चर्चेत न आलेली एक गोष्ट आमच्या खानदेशातील आहे. उद्योगपती प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये अमळनेर येथे उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान मंदिर या अभ्याससंस्थेचे संचालकपद १९३०च्या दशकात तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्याकडे होते. परंपरेने आलेले विचार परक्या विचारांशी तुलना वा झुंज न होताच बाजूला सारले जातात, तेव्हा ती सांस्कृतिक गुलामी होय, असे त्यांनी विचारांतील स्वराज्याविषयीच्या व्याख्यानात मांडले होते. मी धुळ्यास तत्त्वज्ञान शिकत असताना आमचे प्राध्यापक वेदान्ताला ‘तो धर्माचा भाग’ म्हणून वगळत. जर्मन तत्त्वज्ञ कांट आम्हांला पाठ होता, पण तासाभराच्या अंतरावरील अमळनेरात राहून गेलेल्या या तत्त्वज्ञाचे नाव मला कळले, ते पदवी हाती आल्यानंतर, आणि तेही योगायोगानेच.